खोच

चेन्नईतल्या अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना आहे. त्याच्या पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून, नमुन्यांची खोली. छापखान्यात जाण्याआधी, अंगावर रंग चढण्याआधी, कुठलंही खोकं जगात पहिल्यांदा येतं ते या खोलीत. पांढरंफेक, बिननावाचं, हातानं कापलेलं, हातानं दुमडलेलं. त्याला इथे डमी म्हणतात. आणि गेली एकोणीस वर्षं इथली जवळजवळ प्रत्येक डमी सीतालक्ष्मीच्या हातून गेली आहे.

सीतालक्ष्मी मूळची तंजावरची. तिथल्या मराठी घरांपैकी एका घरातली, बालाजीरावांची थोरली. दहावी झाली, लग्न झालं आणि पेरंबूरला आली. नवरा माधवराव रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात डब्यांची दारं बसवायचा. सीतालक्ष्मी खोकी करू लागली तेव्हा तो म्हणाला होता, "बरंच झालं. मीही डबे करतों, तूही डबेच कर." हा विनोद त्या घरात पुढे एकोणीस वर्षं चालला. माधवराव निवृत्त झाला तरी विनोद निवृत्त झाला नाही.

कारखान्यात तिला सगळे सीताक्का म्हणतात. तिच्या हाताला लावून बघण्याची सवय आहे. पुठ्ठा हातात आला की ती आधी तो वाकवून बघते, एकदा आडवा, एकदा उभा. पुठ्ठ्यालाही लाकडासारखी नस असते. नसेच्या बाजूनं घडी घातली तर कड सुरेख पडते, विरुद्ध घातली तर फुटते. हे ती बोटांनी ओळखते, आणि चुकीच्या बाजूनं कापलेला पुठ्ठा खालच्या मजल्यावरून आला तर तो तसाच खाली परत पाठवते, सोबत दोन शब्द तोंडी. ते दोन शब्द ऐकायला कुणी फारसं उत्सुक नसतं.

तिची आणखी एक सवय. डमी झाली की तिच्या तळाच्या पाकळीवर, आतल्या बाजूला, पेन्सिलीनं क्रमांक घालायचा, पुठ्ठ्याची जाडी, तारीख, आणि खाली आपली सही. हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी तिची एक डमी दुसऱ्याच्या चुकीखाली गाडली गेली होती, तेव्हापासून ती लिहू लागली. मजकूर मराठी, अक्षरं तमिळ. तंजावरच्या त्या घरात मराठी बोलायला होती, लिहायला नव्हती. शाळा तमिळ, पाटी तमिळ. त्यामुळे वाण्याची यादी असो की बहिणीचं पत्र, तिची मराठी जन्मभर तमिळ अक्षरांच्या पायांनीच चालत आली.

सांगलीचा शार्दूल पुण्याला पॅकेजिंग शिकून इथे डिझाइन विभागात लागला, त्याला आता दोन वर्षं होतील. पहिल्याच आठवड्यात तो नमुन्यांच्या खोलीत आला. सीतालक्ष्मी स्वतःशी पुटपुटत मापं घेत होती, ती मराठीत. तो दारातच थबकला. मग आनंदानं पुढे येऊन म्हणाला, "मावशी, तुम्ही मराठी?"

तिनं पट्टीवरून मान वर केली नाही. "मज धाकटी बहीण एक आहे, तिजला दोन्ही लेकीच. मी तुझी मावशी कोठून झाले? अक्का म्हण."

त्यानं लगेच आईला फोन लावला आणि अक्कांना दोन वाक्यं बोलायला लावली. आई पलीकडून "अगंबाई, किती गोड," म्हणाली. सीतालक्ष्मीला ते फारसं गोड लागलं नाही. संग्रहालयातली तोफ असते ना, लोक तिच्यावर हात ठेवून फोटो काढतात, तसं वाटलं. पण मुलगा मेहनती होता, पुठ्ठ्याची नस कशी ओळखायची ते स्वतःहून विचारायला आला, आणि चुकला तर हसून कबूल करायचा. तिनं त्याला तंबी म्हणायला सुरुवात केली. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. त्याच्या लेखी तो नुसता शब्द होता, तिच्या लेखी नव्हता.

गेल्या जूनमध्ये कॉफीचं काम आलं. कोईमतूरकडची एक कॉफी कंपनी, ताजी भाजलेली, चिकोरी घातलेली फिल्टर कॉफी अर्ध्या किलोच्या खोक्यात घालून शहरात विकणार होती. त्यांचं मागणं साधं होतं. खोकं पुठ्ठ्याचं, आत प्लास्टिकची पिशवी, आणि उघडल्यावर पुन्हा घट्ट बंद झालं पाहिजे, शेवटच्या चमच्यापर्यंत. शिवाय रिकामं झाल्यावर पुठ्ठा आणि प्लास्टिक वेगवेगळं निघालं पाहिजे, कारण कचऱ्याच्या दोन टोपल्यांचा नियम आता सगळीकडे आहे आणि एकमेकांना चिकटलेलं खोकं कुठल्याच टोपलीचं होत नाही.

शार्दूलनं देखणं डिझाइन केलं. पिशवीच्या तोंडाला प्लास्टिकची दातेरी पट्टी, बोटांनी दाबली की टक् करून बंद होणारी, आणि वर खोक्यावर प्लास्टिकचं टोपण चिकटवलेलं. प्रयोगशाळेत पट्टी दोनशे वेळा उघडली, दोनशे वेळा बंद केली. एकदाही चुकली नाही.

"रिकाम्या पिशवीचे काय कौतुक?" सीतालक्ष्मी म्हणाली. "आंत कॉफी कोठे होती?"

तिनं एक खोकं कॉफी भरून घरी नेलं आणि सकाळी नेहमीसारखी वापरायला काढली. चमचा आत, चमचा बाहेर, पट्टी बंद. चौथ्या दिवशी माधवरावानं डबऱ्यातला, म्हणजे कॉफीच्या खोलगट वाटीतला, टंब्लर नाकाशी नेला, पुन्हा खाली ठेवला आणि विचारलं, "ही कॉफी माझ्या निवृत्तीच्या वर्षीची कां?"

तिनं पिशवी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली. पट्टीच्या चिमुकल्या खाचेत कॉफीची पूड जाऊन बसली होती. कॉफीची पूड म्हणजे साखर नव्हे. पिठासारखी बारीक, तेलकट, एकदा बसली की उठत नाही. पट्टी टक् करत होती, पण टक् करण्यापलीकडे काही करत नव्हती. वर ते टोपण इतकं पक्कं चिकटलेलं की काढायला गेलं तर पुठ्ठाच सालासारखा सोलून येत होता.

शार्दूलनं ऐकून घेतलं, मान हलवली, मग आणखी रुंद पट्टी मागवली. तीही भरली. मग दुहेरी पट्टी. जुलै संपत आला. विभागाचे मुख्य तिरुमारन सर रोज जिन्यावरून विचारत जायचे की कॉफी थंड झाली का अजून गरम आहे.

कल्पना सुचली म्हणतात, पण सीतालक्ष्मीला विचारलं तर ती म्हणेल, सुचली नाही, सापडली, ती तर तिच्या कमरेलाच होती. कामाला उभी राहताना ती रोज पदर पाठीवरून पुढे घेते, तीन पदरी मुडपते आणि कमरेला खोचते. दिवसभर वाकते, वळते, ताणते, पदर सुटत नाही. त्या दिवशी दुपारी लावण्यानं, म्हणजे संगणकावर बसणाऱ्या मुलीनं, घाईघाईत स्वतःची ओढणी कमरेला खोचली आणि ती तीनदा सुटली. सीतालक्ष्मीनं तिला जवळ बोलावून दाखवलं. सरळ खोचलंस तर सुटेल. तिरपं खोच. ताण पडला की आणखी धरतं. लग्नाच्या दिवशी आई अन्नपूर्णाबाईनं नऊवारी नेसवताना तिला हेच सांगितलं होतं. सांगता सांगता तिचाच हात लावण्याच्या कमरेवर थांबला.

ती टेबलाशी गेली. पट्टी नको, टोपण नको. पिशवीचं तोंड खोक्याबाहेर चार बोटं वर काढायचं, तीनदा मुडपायचं, आणि खोक्याच्या मागच्या भिंतीची लांब पुठ्ठ्याची जीभ त्यावरून पुढे आणून समोरच्या फटीत खोचायची. फट सरळ नाही, तिरपी. पिशवी उसळून वर येऊ पाहील तसतशी जीभ फटीत आणखी रुतेल. पूड अडकायला खाचच नाही. आणि पिशवी आतून चारच ठिपक्यांवर चिकटवायची, म्हणजे संपली की तळ दाबला, पिशवी एका हातात, पुठ्ठा दुसऱ्या हातात.

पहिल्या डमीची फट फाटली. दुसरीची जीभ उलट्या नसेची होती, तिसऱ्या दिवशी लुळी पडली. चेन्नईच्या दमट हवेत पुठ्ठा पाणी पितो, हे प्रयोगशाळेच्या थंडगार खोलीला माहीत नसतं. सातवीत फट किती तिरपी हवी ते कळलं, नववीत जिभेच्या टोकाची गोलाई. अकरावी डमी माधवरावाच्या नाकाखाली बावीस दिवस टिकली. बाविसाव्या दिवशी तो टंब्लर रिकामा करून म्हणाला, "आता तक्रार कशाची करूं?"

अकराही डम्यांच्या तळाशी तारीख, जाडी, सही. आणि तिसऱ्या डमीपासून पुढे एक शब्द: खोच.

शार्दूलनं अकरावी डमी हातात घेतली, उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. खरंच खूश झाला. "खोच? अक्का, आमच्याकडे खोच बोलण्यात असते."

"आमचेकडे कमरेत असते," ती म्हणाली. "बोलण्यातली वेगळी. ती तुज हळूहळू कळेल."

पुढचं काम त्याचं होतं आणि ते त्यानं नीट केलं. बिनचूक आराखडा, डायची, म्हणजे कापायच्या साच्याची, मापं, ताणाच्या चाचण्या. कॉफीवाल्यांनी बघताक्षणी पसंत केलं. तिरुमारन सरांनी लाडू वाटले, नमुन्यांच्या खोलीतही दोन आले. या खोक्याचं पेटंट घ्यायचं असं वर ठरल्याचं सीतालक्ष्मीच्या कानावर आलं, आणि आलं तसं राहिलं. तिला वाटलं, वेळ आली की बोलावतील.

सप्टेंबरअखेर लावण्या जेवणाचा डबा घेऊन तिच्याशेजारी बसली आणि सहज विचारलं, "अक्का, तुमची सही झाली का? शार्दूल सारांची काल झाली."

"कसली सही?"

लावण्यानं फोनवर अर्ज दाखवला. इंग्रजी होता, पण इतकं इंग्रजी सीतालक्ष्मीला येत होतं. शोधकर्ता, या रकान्यात एकच नाव: शार्दूलचं. आणि सोबतच्या माहितीपत्रकावर, मोठ्या अक्षरांत, कोच लॉक.

"कोच?"

"तुम्हीच तर लिहिलं होतं डमीवर," लावण्या म्हणाली. "मी तेच फाइलला नाव दिलं."

सीतालक्ष्मी डमीकडे बघत राहिली. तमिळमध्ये क, ख, ग, घ, चौघांना मिळून एकच अक्षर. वाचणारा आपापल्या अंदाजानं वाचतो. तिनं खोच लिहिलं होतं, तिला तिथे खोचच दिसत होतं, वर्षानुवर्षं तसंच दिसत आलं होतं. लावण्याला कोच दिसलं. लावण्याच्या फाइलवरून ते माहितीपत्रकात गेलं, तिथून कॉफीवाल्यांकडे, आणि आता पेटंटच्या कागदांत. चूक लावण्याची नव्हतीच. सीतालक्ष्मीच्या घरातल्या तीनशे वर्षांच्या मराठीतून एक श्वास तेवढा गळाला होता.

शार्दूल जिन्यातच भेटला. तिनं त्याला अडवलं नाही, फक्त बाजूला झाली नाही.

तो म्हणाला की अर्ज वरून भरून आला होता. त्याला वाटलं पद्धत तशीच असेल, डिझाइन विभागाचं नाव जातं.

"सही वरून आली होती कां?"

सही त्याचीच होती, तो म्हणाला. खोक्याचं नाव चुकलंय हेही त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण कॉफीवाल्यांसमोर कारखान्याचे मालक एकदम विचारते झाले की कोच का, तेव्हा त्यानं सांगून टाकलं की रेल्वेचे डबे जसे एकात एक अडकतात तशी ही जीभ अडकते. सगळ्यांना फार आवडलं. मग मागे फिरायला जागा उरली नाही.

"माझे कमरेची खोच तू रेल्वेला जोडलीस," ती म्हणाली. "माझा नवरा बत्तीस वर्षं डब्यांत होता, तंबी. त्यालाही हें सुचले नसते."

तो कसनुसा हसला. ती हसली नाही.

तिरुमारन सर माणूस वाईट नाही. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजुतीच्या स्वरात बोलले. नमुने करणं हेच तिचं काम आहे, हे त्यांनी सांगितलं. सुतार सांगितलेलं टेबल करतो, म्हणून टेबलाचा शोध त्यानं लावला असं होत नाही. शिवाय पेटंटच्या कागदावर दहावी पास बाईचं नाव गेलं तर बाहेरची कंपनी काय म्हणेल. शेवटी म्हणाले, "अम्मा, हात तुमचे. डोकं विभागाचं."

सीतालक्ष्मीनं चहाला हात लावला नाही. "सार," ती तमिळमध्ये म्हणाली, "एकोणीस वर्षं मी दोन्ही घेऊन येतेय. डोकं फाटकावर जमा करायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही."

घरी माधवरावानं आधी भरपूर हसून घेतलं. कोच. डबा. डब्याला डबा. मग तिचा चेहरा बघून थांबला. म्हणाला, जाऊ दे. तीन वर्षं राहिली नोकरीची. मी दारं बसवली त्या डब्यांत कितीक लोक बसून गेले, माझं नाव कुठल्या दारावर आहे?

"तुझ्या दाराचा शोध तू लावला नव्हतास," ती म्हणाली. "मी लावला आहे."



आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, दिवशी कारखाना सजला. यंत्रांना केळीचे खुंट, चंदनाची बोटं, कुंकवाचे ठिपके. नमुन्यांच्या खोलीतले चाकू, पट्ट्या, घडी दाबायची हाडाची पट्टी, सगळं पाटावर मांडलं होतं. फाटकाशी कोहळा फुटला, चुरमुरे आणि उकडलेल्या चण्यांचं सुंडल वाटलं गेलं. मग अंगणातल्या मंचावर वर्षाची बक्षिसं सुरू झाली. तिरुमारन सरांनी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं की कोच लॉकच्या यशात पडद्यामागच्या एका हाताचा मोठा वाटा आहे, त्या हाताचा आज सन्मान. आणि सीताक्कांचं नाव पुकारलं. मालकांच्या हातात पितळी समई होती, चांगली हातभर उंच.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सीतालक्ष्मी उठली, मंचावर गेली, मालकांना नमस्कार केला. समईला हात लावला नाही.

"ही मला नको," ती म्हणाली. ध्वनिक्षेपक जवळच होता, त्यामुळे तिला वाटलं त्याहून ते मोठ्यानं ऐकू गेलं. "त्या खोक्याचं नाव कोच नाही. आणि मी पडद्यामागे नव्हते. टेबलाशी होते. कागदावर माझं नाव घाला, मग दिव्याचं बघू."

टाळ्या वाजवणारे हात मधेच राहिले. मालकांना समईचं काय करावं कळेना, त्यांनी ती सरांकडे दिली, सरांनी ती खुर्चीवर ठेवली. मंचावरून खाली येऊन सीतालक्ष्मीनं शांतपणे सुंडल संपवलं, कारण उठून गेली असती तर पळाली म्हणाले असते.

सोमवारी तिच्या टेबलावर नवं काम आलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी तिला सांगण्यात आलं की पुढच्या महिन्यापासून कंपनीच्या दुसऱ्या, गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात माणूस कमी आहे, तिनं तिकडे जायची तयारी ठेवावी. पेरंबूरहून गुम्मिडिपूंडी म्हणजे सकाळी अंधारात निघायचं. ती बरं म्हणाली. मग गुरुवारची रजा टाकली.

गुरुवारी सकाळी तिनं कारखान्यातून घरी आणलेल्या अकरा डम्या सपाट करून एकावर एक रचल्या. खोक्याला दुमडायचं कळतं तसं उलगडायचंही कळतं. माधवरावानं न विचारता बाजाराची मोठी पिशवी आणून दिली, आणि बसच्या क्रमांकावरून वाद घालत थांब्यापर्यंत आला. अर्जाच्या तळाशी पेटंटचं काम बघणाऱ्या वकीलबाईंचा पत्ता होता, तो तिनं लक्षात ठेवला होता. तंबू चेट्टी रस्ता, जुन्या इमारतीचा दुसरा मजला, नाव वसंता.

वसंताबाई साठीच्या, खणखणीत, चष्मा कपाळावर. त्यांनी आधीच सांगितलं की त्या कंपनीच्या वकील आहेत, तिच्या नाहीत. सीतालक्ष्मी म्हणाली, कळलं, आणि टेबलावर पहिली डमी ठेवली. मग दुसरी. प्रत्येकीचा तळ उलटा करून. फाटलेली फट, लुळी जीभ, तारखा. सातवीपाशी वसंताबाईंचा चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"फट तिरपी का?" त्यांनी विचारलं. "मी हे तुमच्या त्या मुलाला विचारलं होतं. तो म्हणाला, चाचणीत तशी चांगली आली."

सीतालक्ष्मी उठून उभी राहिली, पदर सोडला आणि त्यांच्यासमोर पुन्हा खोचला. एकदा सरळ. ओढून दाखवलं, सुटला. एकदा तिरपा. "ओढा," ती म्हणाली. वसंताबाईंनी ओढला. पुन्हा ओढला. मग हात मागे घेतला.

नंतर बोलल्या त्या कोरडेपणानंच. पेटंट कंपनीचंच राहील, तिला त्यातून काही मिळणार नाही. खोक्याला तुम्ही काय म्हणता त्याला अर्जात जागा नसते. तिथे फक्त पुन्हा बंद होणारं, अस्तर वेगळं निघणारं खोकं एवढंच लिहितात. तिथे जागा असते ती शोधकर्त्याच्या नावाला. आणि ते नाव चुकीचं घातलं, तर उद्या कुणीही उठून सगळंच उलटवू शकतं, म्हणून त्या कंपनीला पत्र लिहिणार, तिच्यासाठी नव्हे, कामासाठी. "तिकडे तुमच्यावर फार रागावतील."

"ते झालंय," सीतालक्ष्मी म्हणाली. "नाव राहिलंय."

पत्र गेलं. वर काय बोलणं झालं ते नमुन्यांच्या खोलीपर्यंत आलं नाही. नव्या अर्जाआधी शार्दूलला विचारलं गेलं, तेव्हा त्यानं लिहून दिलं की रचना सीतालक्ष्मी यांची, आराखडा आणि चाचण्या त्याच्या. लवकर लिहिलं असतं तर शोभलं असतं, पण लिहिलं. नवा अर्ज आला त्यात दोन नावं होती, तिचं दुसरं. तिनं सही करण्याआधी विचारलं की दुसरं का. लावण्या म्हणाली, कुणास ठाऊक. सीतालक्ष्मीनं कागद तसाच परत पाठवला. तो दोन दिवस वर राहिला आणि खाली आला तेव्हा नावं उलटी झाली होती. तिनं सही केली, तमिळमध्ये, नेहमीची.

गुम्मिडिपूंडीचं पुन्हा कुणी काढलं नाही, पण रद्द झालं असंही कुणी सांगितलं नाही. ती रोज अंबत्तूरला येत राहिली. मात्र त्या दिवसापासून खोलीत नवीन नियम झाला. कुणी येऊन म्हणालं, अक्का, कोचची एक डमी द्या, तर ती म्हणायची, कोच पेरंबूरला मिळतात, इथे नाही. खालचे यंत्रवाले एकदोनदा हसले, मग शब्द शिकले. तोंडानं नीट येईना, पण शिकले. छापखान्यात खोच जाऊन गोच झालं, कुठे कोछ झालं, ती दुरुस्त करत राहिली.

नोव्हेंबरात एका दुपारी तिरुमारन सर स्वतः जिना उतरून आले. कॉफीवाले खाली येऊन बसले होते, त्यांना पाव किलोच्या मापाच्या तीन डम्या आत्ता बघायच्या होत्या, आणि आत्ता म्हणजे तासाभरात. समोर पुठ्ठा होता, चाकू होता, सीतालक्ष्मीही होती.

"अम्मा, कोच लॉकच्या तीन," ते म्हणाले.

ती पट्टी पुसत राहिली.

शार्दूल दाराशी उभा होता. त्यानं खाकरून हळूच सांगितलं, "सर, खोच."

"कोच," सर म्हणाले. "तेच म्हणतोय मी."

"तेच नाही, सार," सीतालक्ष्मी म्हणाली. तिनं टेबलावरच्या कात्रणांतून पातळ कागदाची एक पट्टी उचलली, उभी राहिली, आणि ती सरांच्या ओठांसमोर चार बोटांच्या अंतरावर धरली. "म्हणा."

"कोच." कागद हलला नाही.

"श्वास सोडा. फुंकर घालतो तशी."

"अम्मा, खाली माणसं बसलीत."

"म्हणून तर. लवकर म्हणा."

लावण्यानं तोंड फिरवून खिडकीकडे केलं. शार्दूल आपल्या बुटांकडे बघत होता. सरांनी एकदा जिन्याकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे. कपाळावर घाम होता. मग त्यांनी छाती भरून घेतली आणि जोर लावून म्हणाले, "ख्खोच."

कागदाची पट्टी थरथरली.

सीतालक्ष्मीनं ती खाली ठेवली, पुठ्ठा ओढला, एकदा आडवा वाकवून बघितला, एकदा उभा. "अर्धा तास," ती म्हणाली, आणि चाकू उचलला.